पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले हप्ते

मी घरात शिरलो की बाई आधी शिलाई मशीनवर चादर टाकायच्या आणि मग पाणी विचारायच्या. रेडिओ असेल तर तो गप्प व्हायचा. सायकल असेल तर ती नेमकी आत्ताच कोणीतरी मागून नेलेली असायची. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत मी बरीच वर्षे एका हप्तेबंदीच्या कंपनीत वसुली निरीक्षक होतो, आणि एवढ्या काळात मला पाहून कोणाला आनंद झाल्याचे आठवत नाही. मोर्शीला एका अंगणात एकदा एक कुत्रे शेपूट हलवत सामोरे आले होते. चौकशी केली तर ते शेजाऱ्याचे निघाले.

हे सगळे आता आठवायचे कारण माझा मुलगा. त्याला बँकेने प्लास्टिकचे एक चकचकीत कार्ड दिले आहे. दुकानात ते दाखवले की पैसे न देता वस्तू हातात पडते. परवा तो त्या बँकेशी फोनवर भांडत होता. पैसे मुदतीत भरले, तरी दंड लागला. त्या दंडावर व्याज लागले. आणि हे का, असे विचारायला फोन केला तर पलीकडून नुसते संगीत वाजत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, ही नवीनच लुबाडणूक निघाली आहे."  आमच्या काळी ते संगीत नव्हते, एवढाच फरक.

आमचा धंदा काय होता ते आधी सांगतो. रोखीने मशीन घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला आम्ही ते हप्त्यांवर देत असू. थोडी रक्कम आधी, बाकीची महिन्याच्या महिन्याला. गिऱ्हाइकाला वाटे, आपण मशीन विकत घेतले. कागदावर तसे नव्हते. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मशीन कंपनीचे, आणि गिऱ्हाईक फक्त त्याचे भाडे देत आहे, असा तो करार असे. हे करारात स्पष्ट लिहिलेले होते. बारीक टायपात, इंग्रजीत, चौथ्या पानावर. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण त्या पानावर अंगठा उठवत, त्यामुळे ते पान सगळ्यांनी हाताळलेले होते हे खरे.

दंडाची रीत तर ऐकण्यासारखी होती. हप्ता एक तारखेला मुंबईच्या कचेरीत पोचला पाहिजे. अकोल्याच्या शाखेत भरून चालत नाही; शाखा सात-आठ दिवसांचे पैसे एकत्र करून पाठवी. म्हणजे गिऱ्हाइकाने वेळेवर भरले तरी उशीर झालाच. त्याचा दंड पुढच्या हप्त्यातून आधी वळता होई. साहजिकच तो हप्ता तेवढ्याने अपुरा पडे, आणि अपुरा हप्ता म्हणजे न भरलेला हप्ता, म्हणून त्यालाही दंड. ही कल्पना ज्याला सुचली तो बुद्धिमान असला पाहिजे. मी त्याला कधी पाहिले नाही. अशी माणसे अकोल्याला येत नाहीत.

मात्र हा दंड सगळ्यांना सारखा लागत नसे. अमरावतीला कॅम्पात एक वकील होते. त्यांनी आमच्याकडून विजेचा पंखा घेतला होता आणि हप्ता ते आठवण होईल तेव्हा भरत. पहिल्या दंडाबरोबर त्यांनी मुंबईला इंग्रजीत असे पत्र लिहिले की कंपनीने दंड तर सोडलाच, वर दिलगिरीही कळवली. पुढे त्यांचे नाव आले की आमचा रोखपाल दंडाचा रकानाच झाकून ठेवी. उलट मोर्शीचे एक संत्र्याचे बागाईतदार होते. त्यांनी रेडिओ घेतला आणि स्वच्छ सांगितले, "साहेब, झाडाले दर महिन्याले संत्री लागत नाईत. बहार आला का मी पैसे देईन. मधात येसान तर चहा पेऊन जासान." त्यांनी शब्द पाळला. बहार आल्यावर सगळे पैसे एकदम दिले. तोवर रेडिओच्या किमतीशेजारी दंडाचा आकडा असा उभा राहिला होता की त्यांनी रेडिओ उचलून माझ्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जा. हा गाणं म्हणते, पण माह्यापेक्षा तुमच्यासाठीच जास्त म्हणते."

ते श्रीमंत होते, त्यांना रेडिओ परत करणे परवडले. अंजनाबाई तायड्यांना मशीन परत करणे परवडणारे नव्हते. हा लेख खरे तर त्यांच्याबद्दल आहे. वरचे सगळे मी तिथे पोचायला लागू नये म्हणून लिहीत होतो.

अंजनाबाई अकोल्याच्या रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहत. नवरा वारलेला, दोन मुली. आधी त्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. कापसातून सरकी वेगळी करण्याचा तो कारखाना. तिथे दिवसभर हवेत रुई उडते आणि माणूस ती श्वासाबरोबर आत घेतो. अंजनाबाईंना खोकला लागला. डॉक्टरांनी रुईत जाऊ नका असे सांगितले, आणि मग काय करावे हे सांगितले नाही. बाई शिवण शिकल्या आणि आमच्याकडून मशीन घेतले. वस्तीतल्या बायकांची झंपरे, पोरांचे सदरे, लेंगे. सगळ्या वस्तीने नुकताच बौद्ध धर्म घेतलेला. दसऱ्याला नागपूरला जायचे ते पांढऱ्या कपड्यांत, आणि ते कपडे अंजनाबाईंच्या हातचे. भादव्यात त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. जिकडे तिकडे पांढरे तागे.

मशीन घेऊन दीड वर्ष झाले होते. एकही हप्ता चुकला नव्हता; मुंबईने लावलेला दंडही त्या हप्त्याबरोबर भरत. मी गेलो तरी त्या मशीनवर चादर टाकत नसत. उलट म्हणत, "बसा साहेब, एवढी बाही होऊ द्या." एवढ्या एका कारणासाठी मला त्यांच्याकडे जायला आवडे.

आता चूक काय झाली ते सांगतो. चूक म्हणजे आमच्याकडच्या कोणत्याही शहाण्या बाईने जे केले असते तेच त्यांनी केले. वऱ्हाडात मृग लागायच्या आत घर भरून ठेवतात. सरपण फोडून रचायचे, ज्वारी कणगीत ओतायची, डाळ, मीठ, मिरची सगळे चार महिन्यांचे. पावसाळ्यात हातात पैसा नसतो. शिवणही येत नाही. आषाढात झंपर कोण शिवते? तेव्हा अंजनाबाईंनी वैशाखातल्या लग्नसराईत रात्रंदिवस मशीन चालवले, आणि सरपणाबरोबर हप्तेही भरून ठेवायचे ठरवले. शाखेत येऊन चार महिन्यांचे हप्ते एकदम भरले. मी तेव्हा मोर्शीच्या फेरीवर होतो. रोखपालाने मला नंतर कौतुकाने सांगितले, "बाई म्हणे, हे पावसाळ्याचे हाय, बेगमी करून ठेवतो."

त्या बेगमीला उंदीर लागला. महिन्याभरात मुंबईहून थकबाकीची नोटीस आली. मी ती घेऊन गेलो आणि काहीतरी गफलत असेल म्हणालो. अंजनाबाई हसल्या. "मी सारं देऊन बसली ना साहेब. तुमच्या मुंबईले अजून मृग लागला नसन."

गफलत नव्हती. आमचे शाखाधिकारी सरपोतदार मुंबईहून बदलून आलेले, सज्जन आणि नियमांना भिणारे. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले. आमच्या शाखेत आजवर आगाऊ पैसे कोणी भरलेच नव्हते, म्हणून ते कलम कोणी वाचलेच नव्हते. चालू महिन्याच्या हप्त्याहून जास्त आलेली रक्कम अनामत खात्यात जाईल, आणि गिऱ्हाइकाने विहित नमुन्यात लेखी विनंती केल्याशिवाय ती हप्त्यांत धरली जाणार नाही. म्हणजे बाईंचे पैसे कंपनीच्या एका खिशात होते आणि दुसरा खिसा त्यांना थकबाकीदार म्हणत होता.

"पण माणूस तोच आहे ना साहेब?" मी सरपोतदारांना म्हणालो.

"माणूस एकच आहे," ते म्हणाले, "खाती दोन आहेत."

विहित नमुना इंग्रजीत होता. मी तो भरला. अंजनाबाई सहीला बसल्या आणि जरा अंग सावरून, ओठ आवळून, 'अंजना' असे लिहिले. वस्तीच्या विहारात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग चाले, त्यात त्या मुलींच्या मागे बसून शिकल्या होत्या. 'ज'च्या पोटाशी शाई जरा पसरली. त्यांनी फुंकर मारली.

अर्ज गेला. दरम्यान श्रावण आला आणि आमच्या शाखेच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला कंपनीचे एक संचालक आले. मंडप, कर्णा, सनई. हार इतके की संचालकांचा चेहरा शोधावा लागे. त्यांनी ग्राहकांच्या विश्वासावर भाषण केले. विश्वास हा शब्द त्यांना फार आवडत असावा. तो आला की ते थांबत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. भाषणानंतर मी अंजनाबाईंना पुढे केले. त्यांना मीच बोलावले होते. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ विचारले, "साहेब, मी पैसे पह्यले देल्ले. मंग मी बाकीदार काहून?"

संचालकांना वऱ्हाडी कळले नाही. मी समजावून सांगितले. ते म्हणाले, "वा, वा. आगाऊ भरले? असे ग्राहक हवेत." मग सरपोतदारांकडे वळून म्हणाले, "यांना अर्ज द्यायला सांगा."

"अर्ज दिला आहे साहेब," मी म्हणालो.

"मग झालेच," संचालक म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

भादवा लागला तेव्हा अर्ज परत आला. करारावर गिऱ्हाइकाचा अंगठा आहे आणि अर्जावर सही. दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याची खात्री पटत नाही. तरी अर्ज कराराप्रमाणे, म्हणजे अंगठ्याने, पुन्हा पाठवावा. सोबत दुसऱ्या विभागाचे वेगळे पत्र होते: तीन हप्ते थकल्यामुळे मशीन ताब्यात घ्यावे.

मी नवा अर्ज आणि शाईची गादी घेऊन गेलो. अंजनाबाई पांढऱ्या कापडाच्या ढिगात बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या गंगूबाई, ज्यांना सगळी वस्ती गंगूमाय म्हणे, दाराशी काजे करत होत्या. मी सांगितले ते दोघींनी ऐकून घेतले.

"म्या सई केली," अंजनाबाई म्हणाल्या.

"हो. पण तिथे अंगठा लागतो."

"मले लिवता येते आता."

"मला माहीत आहे बाई. त्यांना माहीत नाही."

"मंग त्याइले सांगा."

"सांगितले. ते म्हणतात, अंगठाच."

त्यांनी मशीन थांबवले. "साहेब, माह्या मायनं जलमभर अंगठा देल्ला. म्या बी देल्ला. जिनीत देल्ला, सावकाराले देल्ला. आता मी अंगठा नाई देत. एक डाव लिवाले शिकली का माणूस मांगं जात नसते."

 गंगूमाय काजाचा दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "दे वं बाई. अंगठा काई झिजत नाई. मशीन जाईन."

"माय, तू गप बस."

"मी गप बसली तं मशीन थांबते का?"

 बाहेर पोरे कोंबडीमागे धावत होती. मग अंजनाबाईंनी हात पुढे केला, पण माझ्याकडे पाहिले नाही. मी गादी धरली. अंगठा उठला. त्यांनी बोट पांढऱ्या कापडाला लागू नये म्हणून हात उंच धरून ठेवला आणि आत जाऊन राखेने घासला. मी निघालो तेव्हा आतून घासण्याचा आवाज चालूच होता. शाई केव्हाच निघाली असेल.

अर्ज मी रजिस्टरने पाठवला, आणि पदरचे पैसे घालून जप्ती थांबवण्याची तारही केली. जप्तीचा विभाग वेगळा होता, अर्जाचा वेगळा. माझी तार अर्जाच्या विभागाकडे गेली. आठवड्याने सरपोतदारांनी मला बोलावले. त्यांनी पत्रानंतर आलेला जप्तीचा पक्का हुकूम दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवला होता, हे मला कळले होते. तिसऱ्या दिवशी मुंबईहून विचारणा आली. ते म्हणाले, "मलाही दोन मुली आहेत हो." मग हमाल बोलावले.

निरीक्षक हजर पाहिजे असा नियम होता, म्हणून मी गेलो. सुईखाली एक अर्धे शिवलेले झंपर होते. अंजनाबाईंनी दोरा कापला, झंपर काढून घडी केली. मग स्क्रू सैल करून सुई काढली. "सुई माही हाय," म्हणाल्या, "बाजारातून म्या आणली." हमालांनी मशीन उचलले. गल्लीत सगळी दारे उघडी होती आणि दारांत माणसे होती. ज्यांचे कापड आत पडून होते तीही होती. कोणीतरी म्हणाले, "म्हणे सारे पैसे भरले होते." दुसरे कोणी म्हणाले, "भरले असते तं नेलं असतं का?"

हे अंजनाबाईंनी ऐकले. मीही ऐकले. मशीन गेल्याचे दुःख एकीकडे, पण माणूस खोटे बोलला असे गल्लीला वाटणे हे दुसरे. अर्धे कापड त्यांनी परत केले, अर्धे हाताने शिवले. दसऱ्याला वस्ती नागपूरला गेली. अंजनाबाई गेल्या नाहीत असे मागून कळले.

दिवाळीच्या सुमारास मुंबईचे पत्र आले. मी ते उभ्यानेच वाचले. चौकशीअंती असे आढळले की श्रीमती तायडे यांनी सर्व हप्ते मुदतीपूर्वी भरले होते. त्यांच्याकडे कोणतीही थकबाकी नव्हती. दंड रद्द करण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. मशीन दरम्यान नियमानुसार विकले गेले असल्याने श्रीमती तायडे यांनी नव्या कराराने नवे मशीन घेतल्यास शिल्लक रक्कम त्यात सवलतीने धरण्यात येईल. मशीन बार्शीटाकळीच्या कोणा शिंप्याला गेले होते. त्याचा हप्ता वसूल करायला पुढे मलाच जावे लागले.

मी पत्र घेऊन वस्तीत गेलो. अंजनाबाई पुन्हा जिनिंगला जाऊ लागल्या होत्या. हंगाम भरात होता. केसांत, भुवयांत रुई. दुपारच्या सुट्टीत भाकर खायला घरी आल्या होत्या. खोकल्याने मधूनच वाक्य तुटे. मी मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी पत्र हातात घेतले, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवले.

"म्हंजे माहं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"हे कंपनीनं लिवून देल्लं?"

"हो. शिक्का आहे."

"नवं मशीन मी घेत नाई," त्या म्हणाल्या. "पन हे तुमी वाचून दाखवा."

"दाखवले ना आत्ता."

"मले नाई. या साऱ्याइले."

त्यांनी बाहेर जाऊन गंगूमायला हाक मारली, समोरच्या दाराला हाक मारली, विहिरीवरच्या बायांना बोलावले. लोक जमले. नेहमी मी येताच आत जाणारी माणसे त्या दिवशी बाहेर येऊन उभी राहिली. मी गल्लीच्या मधोमध उभा राहून कंपनीचे पत्र एकेक वाक्य मराठी करत मोठ्याने वाचले. थकबाकी नव्हती, इथे अंजनाबाईंनी मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मी पुन्हा वाचले. त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पदर नीट केला. मी पुढचे वाचले, दिलगिरीपर्यंत आलो, आणि कागदाची घडी केली.

 मग गंगूमाय म्हणाल्या, "बरं झालं बाई. मंग मशीन कदी आणून देता, साहेब?"

जिनिंगचा भोंगा वाजला. अंजनाबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतले, ब्लाउजमध्ये खोचले आणि बाकीच्या बायांबरोबर फाटकाकडे चालू लागल्या. गंगूमाय उत्तरासाठी माझ्याकडे पाहत उभ्या होत्या.